'सा' म्हणणाऱ्यानं बाहेर जायचं

शेषरावसरांच्या जपानीच्या वर्गात शिक्षा एकच होती. बोलताना ज्याच्या तोंडून 'सा' निघेल त्यानं उठायचं, दाराबाहेर जाऊन चपला घालायच्या आणि जिना उतरून खालच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जायचं. मग परत वर येऊन दाराशी चपला काढायच्या, कमरेत वाकायचं आणि "शित्सुरेइ शिमास" म्हणत आत यायचं. त्याचा अर्थ साधारण 'आगाऊपणा करतोय, माफ करा' असा. सर रागवायचे नाहीत. दाराकडं बोट करून एवढंच म्हणायचे, "जा. पाहुणा होऊन परत ये."

आणि सगळ्यात जास्त वेळा खाली जाऊन यायचे ते स्वतः सरच.

साठी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. शिकवता शिकवता मधेच थबकायचे, जीभ चावायचे आणि एक शब्द न बोलता बाहेर जायचे. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाताना ऐकू यायचा, मग वर येताना. आम्ही आठ जण गप्प बसून राहायचो. सर दारात वाकायचे, "शित्सुरेइ शिमास" म्हणायचे, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून "दोओझो", म्हणजे या, बसा, असं म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत.

सरांबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. त्यांचं सगळं आयुष्य मला ठाऊक नाही. जे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून ऐकलं तेवढंच सांगते.

मी लासूर स्टेशनची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. औरंगाबादला बी.ए.ला आले तेव्हा आतेभावानं सांगितलं की वाळूजच्या कंपन्यांमध्ये जपानी साहेब येतात आणि त्यांचं बोलणं समजावून सांगणारं माणूस त्यांना मिळत नाही. एवढ्या एका वाक्यावर मी औरंगपुऱ्यात जपानीच्या वर्गाची पाटी शोधत गेले. पाटी खडूनं लिहिलेली होती : 'जपानी बोलणे शिकवितात. लिहिणे नाही.'

पहिल्याच दिवशी सरांनी गाव विचारलं. मी सांगितलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'लासूर' झाले. शेवटपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. माझ्या शेजारी बसणारा इरफान शहरातल्याच बुढीलेनचा, म्हणून तो 'बुढीलेन'. "नाव आईबापानं ठेवलेलं असतं," सर म्हणायचे, "पण बोलणं माणूस गावाकडून आणतो. म्हून मी गावालाच हाक मारतो."

त्यांचं स्वतःचं गाव सोयगावकडचं, अजिंठ्याच्या डोंगराखालचं. घरी मेंढरं. लेण्यांच्या वरच्या अंगाला त्यांचे वडील मेंढरं चारायचे, आणि सरही पंचविशीपर्यंत तेच करत होते. मग एका हिवाळ्यात खाली लेण्यांमध्ये रोजंदारीवर माणूस हवा होता, म्हणून ते गेले.

काम उजेड दाखवायचं होतं. मोरिता नावाचे एक जपानी चित्रकार सतरा नंबरच्या लेणीत भिंतीवरच्या चित्रांची नक्कल उतरवायला बसले होते. आत अंधार. बाहेर उन्हात एक जण मोठा आरसा धरून उभा राहायचा. आरशातलं ऊन दारातून आत यायचं आणि आत शेषराव पांढरं कापड लावलेला पत्रा धरून ते ऊन झेलायचे, भिंतीवर सोडायचे. सूर्य सरकला की पत्राही सरकवायचा. थोडा चुकला तर मोरितासानांच्या (सान म्हणजे आपल्याकडचं 'राव') कागदावरचा रंग बदलायचा.

"मला आधी जपानीत 'तुमचं नाव काय' येत नव्हतं," सर सांगायचे. "मला यायचं हिदारि, मिगि, उए. डावीकडं, उजवीकडं, वर. मोत्तो म्हंजे अजून. चोत्तो मात्ते म्हंजे थांब जरा. दोन हिवाळे मी एवढ्यावर काढले. अन् मग कधी समजायला लागलं ते मलाच नाय कळलं."

त्या आठवणीची एक खूण सरांच्या शर्टाच्या खिशात असायची : एक छोटा गोल आरसा. वर्गाची खिडकी पश्चिमेची होती. संध्याकाळचं ऊन आलं की सर आरसा काढायचे आणि उन्हाचा कवडसा फळ्यावरच्या शब्दावर ठेवायचे. छडी नाही, बोट नाही. ज्या शब्दावर कवडसा, तो म्हणायचा. कधी तो कवडसा इरफानच्या नाकावर जायचा.

"सर, मेरे नाक पे कौनसा शब्द लिखा?"

"नाकावर 'उशीर' लिहिलंय. कालच्यापेक्षा आज जास्त."

आता त्या 'सा'बद्दल. मोरितासान दिवसभर चित्राशी आणि शेषरावांशीच बोलायचे. साहेब मजुराशी बोलतो तसं नाही, सोबत्याशी बोलतात तसं. आणि जपानी माणूस सोबत्याशी बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात हा 'सा' सारखा येतो. शेषरावांनी भाषा कानानंच उचलली होती, त्यामुळं ती त्या 'सा'सकट उचलली.

आम्हाला तो शब्द वापरायची बंदी होती, पण तो समजून घ्यायची बंदी नव्हती. उलट एका संध्याकाळी सरांनी सगळा तास त्यालाच दिला. फळ्यावर काही लिहिलं नाही.

"आनो सा," ते म्हणाले आणि इरफानच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याचा अर्थ काय? 'हे बघ' म्हणा, 'ऐक ना' म्हणा. पण खरं म्हंजे हा हात हाय. सोरेदे सा, म्हंजे 'मग काय झालं', पुन्हा हात. बोलणं लांबलं, पुढचा माणूस उठून जायला लागला, की सा. म्हंजे बस, अजून संपलं नाय."

मग ते खांद्यावरचा हात काढून खिडकीत जाऊन बसले. "आता हे दुसरं. माझा पत्रा एकदा हातातून निसटला. त्यांच्या रंगाच्या वाट्यांवर पडला. चार दिवसांचं काम गेलं. मी थरथर कापायलो. मोरितासान म्हणले, दायजोबु सा. दायजोबु म्हंजे ठीक हाय. नुसतं दायजोबु म्हणले असते तर मला वाटलं असतं, वरवर म्हणतेत. शेवटी सा आला. म्हंजे 'त्यात काय एवढं, होतंय की'. मग माझं कापणं थांबलं."

"अन् भांडणात, सर?" मी विचारलं. मी वर्गात फार बोलत नसे, म्हणून सर हसले.

"भांडणात पण हाय की. नानि सा! म्हंजे 'काय म्हणणं काय तुझं!' त्यांची अन् माझी एकदा जुंपली. मी जेवायच्या सुट्टीत झोपलो अन् ऊन निघून गेलं. ते नानि सा म्हणले, मी पण नानि सा म्हणलो. मग दोघं हसलो. ज्याच्याशी भांडता येतं त्यालाच सा म्हणायचं. ज्याला वाकून नमस्कार करायचा त्याला नाय. एवढंच हाय ते."

"मग आम्हाला का नाही म्हणू देत?"

सर खिडकीतून उठले. मग त्यांनी जे सांगितलं त्यावरून आम्हाला त्या शिक्षेचं कारण कळलं.

मोरितासान जपानला परत गेल्यावर काही वर्षांनी सर गाइड झाले होते. दिल्लीची एक टूर कंपनी जपानी पाहुण्यांचे ग्रुप अजिंठ्याला पाठवायची आणि त्यांच्यासोबत सर जायचे. पाहुण्यांना ते आवडायचे. पण आदल्या वर्षी एका म्हाताऱ्या, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या पाहुण्यानं तक्रार लिहून दिली होती : गाइड आमच्याशी बरोबरीच्या मित्रासारखा बोलतो. कंपनीनं सरांना बजावलं होतं की अशी अजून एक तक्रार आली तर पुढं ग्रुप मिळणार नाही. ग्रुप नाही म्हणजे गाइडकी नाही, आणि गाइडकी नाही म्हणजे लेण्यांमध्ये जाणं नाही. सर म्हणाले होते, "पोटाचं बघता येईल. पण सतरा नंबरच्या दारात मी तिकीट काढून उभा राहू व्हय?"

जी भाषा त्यांनी सोबत्याकडून घेतली होती तीच त्यांचं काम घालवणार होती. म्हणून त्यांनी वर्ग काढला होता. आम्हाला शिकवायला तर होताच, पण स्वतःच्या जिभेला वळण लावायलाही होता. आम्ही हे समजलो त्या दिवशी कुणी हसलं नाही. इरफान मात्र जाताना म्हणाला, "सर, आप फिकर मत करो. हम सब मिलके आपको सीढ़ी उतारते रहेंगे."

डिसेंबरात एक ग्रुप आला. सरांनी कंपनीच्या माणसाला विचारून मला आणि इरफानला सरावासाठी बसच्या मागच्या सीटवर घेतलं. कंपनीचा माणूस म्हणजे दिल्लीहून आलेला मिश्रा नावाचा तरुण. त्याला जपानी फारशी येत नव्हती, पण कुणाच्या कपाळावर आठी आली की ती लगेच दिसायची.

नऊ पाहुणे होते. बस शहराबाहेर पडली आणि सरांनी माइक हातात घेतला. मी सरांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं, शेवट आदराचा, कुठं हात नाही, कुठं खांदा नाही. पाहुणे मान हलवत होते. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर मला ते सर वाटतच नव्हते.

सतरा नंबरला आलो. सगळ्यांनी बूट बाहेर काढले. आत गेल्यावर पाहुण्यांपैकी पन्नाशीच्या एक बाई पुढं आल्या. राखाडी टोपी, हातात कापडात गुंडाळलेली एक चौकोनी वस्तू. त्यांचं नाव हारुको आणि पुढं एक आडनाव, एवढंच आम्हाला यादीवरून माहीत होतं. त्यांनी कापड उलगडलं. आत एका चित्राचा फोटो होता. भिंतीच्या एका कोपऱ्याची नक्कल. त्यांनी अदबीनं विचारलं, "हा कोपरा कुठला, दाखवता का?"

सरांनी फोटो हातात घेतला आणि मान वर करून भिंतीकडं पाहिलं.

मग ते चालायला लागले. कुणाकडं न बघता लेणीच्या आतल्या अंगाला एका जागी जाऊन उभे राहिले. तिथं दिव्याचा उजेड नीट पोचत नव्हता. त्यांचे दोन्ही हात आपोआप वर आले, पत्रा धरल्यासारखे. आणि ते म्हणाले, "आनो सा... मोत्तो हिदारि. सोको सा..." ऐक ना, अजून डावीकडं. तिथं बघ.

हारुकोबाई जागच्या जागी थांबल्या.

सरांच्या लक्षात आलं. त्यांनी दाराकडं पाहिलं, तिथं मिश्रा उभा होता. फोटो त्यांनी बाईंना दोन्ही हातांनी परत दिला, वाकले, आणि लेणीबाहेर निघून गेले. बूट घातले. पायऱ्या उतरले.

मिश्रा आत धावत आला. "अरे, गाइड किधर गया? बीच में छोड़ के?"

"आ रहे जी," इरफान म्हणाला. "पाहुणा बनके आ रहे."

"क्या बनके?"

पायऱ्यांवर बुटांचा आवाज वर आला. सर दाराशी थांबले, बूट काढले, कमरेत खोल वाकले आणि म्हणाले, "शित्सुरेइ शिमास." नऊ पाहुणे त्यांच्याकडं बघत होते. कुणाला काही कळेना. मी आणि इरफान सवयीनं एकदम म्हणालो, "दोओझो." लेणीत तो शब्द केवढ्यानं घुमला!

बाईंनी विचारलं, हे काय होतं?

सर पुन्हा इस्त्रीच्या भाषेत बोलू लागले. तो शब्द पाहुण्यांना वापरायचा नसतो, माझी चूक झाली, चूक झाली की मी बाहेर जाऊन येतो, असं. "माझ्या गुरूंनी मला याच जागी भाषा शिकवली. इथं आलो की जीभ त्यांच्यासारखी होते."

"कोण गुरू?"

"मोरितासान. ते इथं बसायचे, मी इथं उभा राहायचो."

बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मग त्या बोलायला लागल्या तेव्हा मला सगळं समजलं नाही, पण जेवढं समजलं ते असं : मोरितासान त्यांचे वडील. यादीत त्यांचं आडनाव सासरचं होतं, म्हणून सरांना कळलं नव्हतं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. घरात तसं बोलणारं आता कुणी नाही. वडील आजारपणात सांगायचे की उजेड धरणारा एक माणूस होता, तो नसता तर चित्र झालं नसतं. "ओतोसान सा," बाई म्हणाल्या, आमचे बाबा ना, आणि तिथंच थांबल्या.

त्यांनी 'सा' म्हटलं होतं. त्यांच्या ते लक्षात आलं. आणि ती गंभीर, नीटनेटकी बाई टोपी सारखी करून सरळ दाराकडं निघाली. बूट घालायला.

सर लगबगीनं आडवे आले. घाईत त्यांच्या तोंडून जपानी निघालीच नाही. "नाय नाय बाई, तुम्ही नका जाऊ," ते म्हणाले. "तुम्ही पाहुण्या नाय."

बाईंना मराठी कशी कळणार? पण त्या थांबल्या. दोघं त्या अर्धवट उजेडात एकमेकांसमोर उभे राहिले आणि मग दोघंही एकदम वाकले. सरांनी खिशातला गोल आरसा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो पाहिला आणि परत सरांच्या खिशात ठेवला.

परतीच्या बसमध्ये मिश्रानं अभिप्रायाचे कागद वाटले. हारुकोबाईंनी कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. कागद गोळा करून मिश्रा मागं आला. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता.

"इतना लंबा तो लोग शिकायत ही लिखते हैं. पढ़ो इसको."

सरांनी कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग मला म्हणाले, "लासूर, तू बघ."

तेव्हा मला 'लिहिणे नाही'चा अर्थ कळला. सरांना जपानी वाचता येत नव्हतं. साधी अक्षरं ओळखायचे, पण चित्रांसारखी अवघड अक्षरं नाही. "मी कानानं शिकलेला माणूस," ते हळूच म्हणाले. "माझा जपानीत अंगठाच हाय." मला त्या क्षणी माझे वडील आठवले. बँकेत कागद हातात घेऊन ते माझ्याकडं असेच बघतात.

मी पुस्तकावरून थोडी अक्षरं गिरवली होती. सगळा कागद वाचून मला एकच अवघड अक्षर ओळखता आलं. ते तीन ठिकाणी होतं.

"चिचि," मी म्हणाले. "वडील."

"अन् बाकी?"

"बाकी नाही येत, सर."

मिश्रानं कागद घडी करून बॅगेत टाकला. तो दिल्लीला गेला. तीन आठवडे सर वर्गात कमी बोलायचे. जितकं कमी बोलावं तितका 'सा' कमी निघतो, असं त्यांचं म्हणणं. आम्हीही काही विचारायचो नाही. एके दिवशी खालचा झेरॉक्सवाला वर आला आणि म्हणाला, तुमच्यासाठी दिल्लीहून फोन आहे. सर चपला न घालताच खाली पळाले. वर आले तेव्हा दाराशी थांबले, वाकले, आमच्या "दोओझो"ची वाट पाहिली आणि मग म्हणाले, "फेब्रुवारीत बारा जण येऊ लागलेत."

"सर, मतलब अब 'सा' चलता?" इरफाननं विचारलं.

"चलता काय? नाय चलता. बाई घरच्या होत्या. हे बारा पाहुणे हायत." आणि कवडसा पुन्हा फळ्यावर गेला.

त्यानंतर सरांनी अजून काही वर्षं गाइडकी केली. मग गुडघ्यांनी पायऱ्या नाकारल्या. वर्गही बंद झाला. मला वाळूजला काम लागलं. पहिल्याच आठवड्यात जपानी साहेबांनी विचारलं, एवढं अदबीनं बोलायला कुठं शिकलात? मी म्हणाले, जिन्यावर. त्यांना ते समजलं नाही आणि मलाही पुढं सांगता आलं नाही.

एका रविवारी पेढे घेऊन मी पडेगावला सरांच्या घरी गेले. दौलताबाद रस्ता सोडून आतल्या गल्लीत घर शोधत होते, तर पायाजवळ उन्हाचा एक गोल कवडसा पडला. मी थांबले, तो डावीकडं सरकला. मी डावीकडं वळले. ओट्यावर सर खुर्चीत बसलेले होते, हातात आरसा.

मी चपला काढल्या, वाकले, "शित्सुरेइ शिमास" म्हटलं. त्यांनी "दोओझो" म्हटल्यावरच आत गेले. काकूंनी चहा दिला. सरांनी कंपनीतलं सगळं विचारलं, साहेब कसे आहेत, जेवायची सुट्टी किती, माझ्या वडिलांना मी काय काम करते ते कळतं का. मी म्हणाले, त्यांना एवढंच माहीत आहे की मी उभी राहून बोलते. सर हसले. "मी उभा राहून गप बसायचो. तू पुढं गेलीस."

निघताना मी दाराशी परत वाकले. सर खुर्चीतून थोडे पुढं झाले आणि म्हणाले,

"आनो सा, लासूर. माता ओइदे."

ऐक ना, लासूर. परत येत जा.

त्यांनी सवयीनं दाराकडं पाहिलं. त्यांच्या चपला तिथंच होत्या. मग माझ्याकडं पाहिलं. आणि बसूनच राहिले.